पोरं परत शाळेत चालली, दप्तराआधी त्यांचं मन बघा

१ डिसेंबर २०२१ ला पहिलीपासूनचे वर्ग सुरू झाले, महिनाभरात जरा कुठे घडी बसायला लागली तेवढ्यात जानेवारीत कोरोनाच्या ओमिक्रॉन लाटेमुळे परत कुलूप, आणि २४ जानेवारी २०२२ पासून परत परवानगी, ती पण स्थानिक प्रशासनाने ठरवायचं तशी. मोठ्या माणसांचं डोकं गरगरतं तिथे सहा-सात वर्षांच्या लेकराचं काय होत असेल. मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-यावल पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत लहान वर्ग शिकवते, त्यामुळे गेटवर रोज सकाळी काय चालतं ते बघतेय. हे २०२२ च्या सुरुवातीला लिहितेय ते ज्यांचं पोरगं पहिल्यांदाच शाळेची पायरी चढतंय अशा आईवडिलांसाठी, आणि नुकत्याच नोकरीला लागलेल्या शिक्षक-ताईदादांसाठी पण, कारण डीएडला आपल्याला हे कोणी शिकवलेलं नसतं.

माझं म्हणणं एकच आहे. पोराची भीती खरी माना, आणि तरी त्याला शाळेत पाठवा. दोन्ही एकत्र जमलं पाहिजे. आपल्याकडे काय होतं, एक तर "काही होत नाही, चल नीघ" म्हणून ढकलतात, नाहीतर "राहू दे बापडं, पुढच्या वर्षी जाईल" म्हणून घरी ठेवतात. पहिल्याने पोरगं बोलणं बंद करतं आणि दुसऱ्याने त्याची भीती पक्की होते, कारण त्याला कळतं की शाळा खरंच घाबरण्यासारखी जागा आहे, आई पण पाठवत नाही बघा.

सगळ्यात आधी, गेल्या दोन वर्षांत लेकराचं काय काय झालं ते बघा

मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या. त्यावेळी जे पोरगं अंगणवाडीत होतं ते २०२१-२२ ला दुसरीत आलं, म्हणजे पहिलीचं वर्ष त्याने वर्गात बसून बघितलंच नाही. बाकावर कसं बसायचं, लघवीला जायचं तर कोणाला विचारायचं, बाजूच्याने पेन्सिल घेतली तर काय करायचं, हे सगळं पोरं पहिलीत शिकतात आणि ते आपल्या लक्षात पण येत नाही. ते सगळं दुसरीत एकदम करायची वेळ आली. मोठ्या वर्गांचं वेगळं, नववीपासूनचे नोव्हेंबर २०२० ला परत गेले, पाचवी ते आठवी जानेवारी २०२१ ला, मग दुसरी लाट आली आणि सगळं परत बंद, बहुतेक ठिकाणी ते ऑक्टोबर २०२१ पर्यंत. इतक्यांदा उघड-बंद झाल्यावर पोराला वाटणारच की आज मैत्रीण जमवली तर उद्या ती परत सुटणार, मग जमवायची कशाला.

आणि घरात काय झालं ते पण एकदा मनात मांडा. सुरतला कामाला असलेला काका परत आला, पैशाची ओढाताण झाली, आजी-आजोबांपैकी कोणी गेलं, अंत्ययात्रेला जाता आलं नाही, कोरोना निघाला म्हणून घराला पट्टी लावून गेले आणि गल्लीतल्यांनी बोलणं टाकलं. पोरं हे सगळं ओट्यावर बसून ऐकत असतात, आपल्याला वाटतं खेळतंय. मी तर म्हणेन एक कागद घ्या आणि खरंच लिहून काढा, कारण पोराच्या वागण्याचा अर्थ बऱ्याचदा त्या कागदावर सापडतो. शिक्षक असाल तर पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक घरी एक चक्कर मारा, नाहीच जमलं तर फोन करा, कोणाच्या घरी कोण गेलं एवढं तरी माहीत पाहिजे.

शाळेच्या आठ-दहा दिवस आधी

झोप. दोन वर्षांत पोरांच्या झोपेचं पार वाटोळं झालंय, रात्री बारापर्यंत मोबाईल आणि सकाळी नऊला पण उठवावं लागतं. सहा ते बारा वर्षांच्या पोराला ९ ते १२ तास झोप लागते, तेरा ते अठराच्या पोरांना ८ ते १० तास. झोप कमी पडली की सकाळची रडारड निम्मी तिथूनच येते. एकदम नऊला झोपवायला जाऊ नका, होणार नाही, दर एक-दोन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं आधी झोपवा आणि तेवढंच आधी उठवा, आणि झोपायच्या आधी तासभर मोबाईल बाजूला. मोबाईल घ्यायचा म्हणजे आपला पण, पोऱ्याचा काढून घ्यायचा आणि आपण बाजूला पडून व्हिडिओ बघायचे हे चालत नाही.

मास्क. जानेवारी २०२२ ला केंद्राच्या आरोग्य खात्याचं सांगणं होतं की पाच वर्षांपर्यंतच्या लेकरांना मास्क नको, सहा ते अकरा वयाच्यांनी झेपेल तसा मोठ्यांच्या देखरेखीत घालायचा आणि बारानंतर मोठ्यांसारखा. मास्क लागणार असेल तर घरी खेळता खेळता दहा मिनिटं, मग अर्धा तास, असं करत सवय लावा. एक जादा मास्क दप्तरात ठेवा, कारण ओला झाला, खाली पडला की लहान पोरं खरोखर घाबरतात, त्यांना वाटतं आता आपल्याला कोरोना झालाच.

शाळा बघून या. संध्याकाळी बंद शाळेवर एक चक्कर मारा, गेट दाखवा, वर्ग कोणता ते खिडकीतून दाखवा, पाणी कुठे प्यायचं ते दाखवा, आणि संडास दाखवा. संडासाचं मी मुद्दाम सांगते. बरीच पोरं, मुली तर जास्तच, शाळेत जायला घाबरतात त्यामागे संडास असतो, दार लागत नाही, अंधार असतो, कोणाला विचारायची लाज वाटते, मग सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुपारी डोकं धरून बसतात. आपण समजतो पोरगं अभ्यासाला घाबरलं. शिक्षकांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना नेऊन दाखवावं, कडी लागते का ते बघावं, आणि न विचारता जायचं असेल तर जा म्हणून सांगावं.

आणखी एक, गणवेश. दोन वर्षांत पोरं वाढलीत, जुना शर्ट बसत नाही, पॅन्ट वर जाते. ज्याला नवीन घेणं जमत नाही त्याने सरांना आधी सांगून ठेवा आणि घरच्या स्वच्छ कपड्यात पाठवा. सरांनी पण वर्गासमोर उभं करून "गणवेश कुठंय" विचारायचं नाही, एवढ्यावरून शाळा सोडलेली पोरं आहेत.

बोलायचं कसं

समोर बसवून "काय झालं ते सांग" म्हटलं की पोरगं गप्प होतं. पोरं हात कामात असले की बोलतात. हिवाळा सरत आला की तुरीच्या शेंगा सोलायला घेऊन बसा, संध्याकाळी भरताची वांगी तुरकाठ्यांवर भाजता तेव्हा त्याला बाजूला बसवा, मोटारसायकलवर पुढे बसवून शेतात घेऊन जा. अशा वेळी तोंड समोरासमोर नसतं ना, मग जीभ सुटते.

आणि ज्या बोलीत पोरगं रडतं त्या बोलीत विचारा. घरी अहिराणी असेल तर अहिराणीत, पावरी, भिली, गुजरी जे असेल ते. "तुला कशाची भीती वाटते" याला जे उत्तर येणार नाही ते "तुले कसानी भीती वाटस" याला येतं, हे मी वर्गात बघितलंय. नवीन शिक्षक दुसऱ्या जिल्ह्यातून आले असतील तर पाच-दहा वाक्यं पहिल्या आठवड्यात शिकून घ्या, पोरांकडूनच शिका, त्यांना फार भारी वाटतं सरांना शिकवायला.

प्रश्न छोटा ठेवा. "शाळेत कसं वाटलं" याचं उत्तर "चांगलं" एवढंच येतं. "आज कोणाच्या बाजूला बसला, डबा खाताना काय गप्पा झाल्या, कुठल्या तासाला कंटाळा आला, कोणी रडलं का", असं विचारा. कोणी रडलं का हा प्रश्न फार उपयोगी आहे बरं का, दुसऱ्याचं सांगता सांगता पोरं स्वतःचं सांगून जातात.

तो म्हणाला भीती वाटते, की लगेच "घाबरट कुठला", "दादा बघ कसा जातो" असं म्हणू नका. आधी म्हणा, "हो, इतक्या दिवसांनी जायचं तर भीती वाटणारच." मग थांबा. घाई करू नका. मग विचारा नक्की कशाची. कधी कधी फार वेगळं निघतं, म्हणजे आपल्याला वाटतं कोरोनाची भीती आणि त्याला भीती असते की मी शाळेत असताना आई पण दवाखान्यात जाईल आणि परत येणार नाही.

"मला कोरोना झाला तर?" असं विचारलं तर "तुला काही होणारच नाही" अशी हमी देऊ नका, उद्या साधी सर्दी झाली की तुमच्यावरचा विश्वास जाईल. असं सांगा की लहान मुलांना बहुतेक वेळा हा आजार हलका होतो, झाला तर आपण डॉक्टरकडे जाऊ, मी तुझ्याजवळ असेन. "माझ्यामुळे आजीला झाला तर?" हा प्रश्न त्याहून जड आहे. त्याला करण्यासारखं काहीतरी द्या, घरी आला की आधी हातपाय धू, मास्क बादलीत टाक, मग आजीकडे जा, आणि आजीचे लसीचे दोन डोस झालेत ते पण सांगा. झाले नसतील तर आधी ते करून घ्या, लेकराच्या जिवाचा घोर कमी करायचा तोच सगळ्यात सोपा रस्ता आहे. पंधरा ते अठराच्या पोरांची लस ३ जानेवारी २०२२ पासून सुरू झाली होती.

पण तोच प्रश्न दिवसात वीसवेळा विचारत असेल तर वीसवेळा उत्तर देत बसू नका, प्रत्येक उत्तराने पाच मिनिटं बरं वाटतं आणि मग परत सुरू. प्रेमाने म्हणा, "याचं उत्तर तुला माहितीय, तूच मला सांग." आणि जेवताना टीव्हीवरचे मेलेल्यांचे आकडे, व्हॉट्सॲपवरचे फॉरवर्ड मोठ्याने वाचणं, हे बंद.

सकाळी पोट दुखतं तेव्हा

खरी लढाई इथे आहे म्हणून जरा सविस्तर सांगते.

एक दुसरीतली मुलगी, आजी रोज गेटपर्यंत आणायची आणि गेटवर आली की आजीचा पदर घट्ट धरून "माय, मनं पोट दुखस". आजी घाबरायची, घरी न्यायची, घरी गेल्यावर ओव्याचं पाणी, मांडीवर डोकं आणि हातात मोबाईल, तासाभरात पोट बरं. रविवारी मात्र कधी दुखायचं नाही. आता यात मुलगी खोटं बोलत होती का? अजिबात नाही. घाबरल्यावर पोटात खरंच कळ येते, मळमळतं, डोकं दुखतं, शू लागते. लहान पोराला "मला धास्ती वाटते" हे सांगता येत नाही, त्याचं पोट सांगतं.

मग करायचं काय. पहिलं, एकदा डॉक्टरला दाखवून घ्या म्हणजे तुमच्या मनात शंका राहत नाही. ताप, जुलाब, उलटी, खोकला असेल तर घरीच ठेवायचं, महामारीच्या दिवसांत तर नक्कीच, त्यात वाद नाही. पण डॉक्टर म्हणाले काही नाही आणि दुखणं फक्त शाळेच्या सकाळीच येतं, तर समजून जा.

दुसरं, घरी राहिलं तर घरी मजा नको. मोबाईल नाही, टीव्ही नाही, पडून राहायचं, शाळेचं पुस्तक चाळायचं. शिक्षा म्हणून नाही, रागावून पण नाही, साध्या आवाजात. घरी जास्त गोड असेल तर कोण जाईल शाळेत.

तिसरं, पायरी पायरीने. त्या मुलीचं असं केलं, आधी काही दिवस फक्त शाळेच्या ओट्यावर आजीसोबत बसायचं, मग परिपाठापुरतं आत, आजी बाहेर लिंबाखाली. मग पहिला तास. मग डब्यापर्यंत. आजी हळूहळू लिंबाखालून गेटवर, गेटवरून रस्त्यापलीकडे. एखादा दिवस मागे जातो, जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी त्याच पायरीवरून परत सुरू करा, पण पूर्ण सुट्टी नको. इथे शिक्षकाचं आणि घरचं आधी बोलणं झालेलं पाहिजे, नाहीतर सर म्हणतात बसायचं तर पूर्ण दिवस बसा आणि सगळं मोडतं.

चौथं, निरोप छोटा. गेटवर पाच वेळा पापे, दहा वेळा "रडू नको हं", आईच्याच डोळ्यात पाणी, मग पोरगं कसं जाणार. एकदा जवळ घ्या, "डबा खाल्ला की मी येते" असं त्याला कळेल अशा वेळेत सांगा कारण "चार वाजता" त्याला कळत नाही, आणि वळा, चालायला लागा. नजर चुकवून पळून जाऊ नका मात्र, एकदा असं केलं की पुढे महिनाभर ते तुमचा हात सोडणार नाही. आणि जी वेळ सांगितली त्या वेळेला हजर राहा. कापूस वेचायला गेला असाल, बस चुकत असेल, काहीही असो, पहिले दोन आठवडे ती वेळ पाळा, नाहीच जमत तर शेजारच्या काकूला सांगा आणि पोराला सकाळीच सांगा की आज काकू येईल.

"मॅडम मारतील", "पोलीस घेऊन जाईल", "आश्रमशाळेत टाकून देईन" असल्या धमक्या तर तोंडातून काढूच नका. भीती घालवायला निघालोय आपण.

एक श्वासाचं पण शिकवून ठेवा. हात पोटावर ठेवायचा, नाकाने हळू श्वास घ्यायचा, पोट वर येतं ते बघायचं, मग फुंकणीने चूल फुंकतो तसं तोंडाने हळूहळू सोडायचा, सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लागला पाहिजे. पाच-सहा वेळा. हे रात्री अंथरुणात सराव करून घ्यायचं, रडारडीच्या वेळी पहिल्यांदा शिकवायला गेलात तर लेकरू आणखी चिडतं.

अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं, अंगठा चोखतं, सारखं मागे मागे फिरतं, असं असेल तर लाज काढू नका. धास्तीच्या काळात लहान पोरं थोडी मागे जातात, घडी बसली की बहुतेकांचं थांबतं.

अभ्यास मागे पडलाय, माहितीय

चौथीतल्या पोराला जोडाक्षरं वाचता येत नाहीत, पाचवीतला वजाबाकी विसरला, हे घरोघरी आहे. २०२१ च्या जुलैपासून मागचं राहिलेलं भरून काढायला ४५ दिवसांचा सेतू अभ्यास झाला, पण ज्या घरी एकच मोबाईल आणि तो बाप शेतात घेऊन जातो तिथे काय सेतू बांधला जाणार. त्यामुळे पोरांना सगळ्यात मोठी भीती असते ती याची, की वर्गात वाचायला लावलं आणि आलं नाही तर.

शिक्षकांनो, पहिल्या दिवशी चाचणी घेऊ नका. पहिला आठवडा गोष्टी, गाणी, खेळ, मैदानात अंतर ठेवून गोल करून गप्पा. कोणाला किती येतं ते बघायचंच आहे तर एकेकट्याला जवळ बसवून बघा. नीट न येणाऱ्याला सगळ्यांसमोर उभं करू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ मध्ये मारणं तर बंद आहेच पण मानसिक त्रास देणं पण बंद आहे, हे पालकांना पण माहीत असू द्या. आणि ज्याच्या घरी कोरोना झाला होता त्याला पोरं चिडवतात, बाजूला बसत नाहीत, तिथे लगेच मध्ये पडा, त्या पोराच्या बाजूला आपण स्वतः जाऊन बसा.

घरी, रोज दहा-पंधरा मिनिटं वाचन, दोन वर्ष खालच्या पुस्तकातून चालेल, चुकलं तर शब्द तुम्ही सांगा आणि पुढे चला. तुम्हाला वाचता येत नसेल तर ऐका नुसतं, ऐकणारं माणूस असलं की पोरगं वाचतं. नाशिकच्या मावशीच्या मुलाशी तुलना नको. शाळेतून आल्या आल्या ट्यूशनला हाकलू नका, निदान महिनाभर तरी.

फी परवडत नाही म्हणून इंग्लिश मीडियममधून झेडपीत आलेली पोरं यंदा बरीच आहेत. त्यांना मित्र सुटल्याचं दुःख असतं आणि वर घरचे म्हणतात "तुझं नशीब". असं बोलू नका. खरं कारण सांगा, पैसे कमी पडले, तुझी काही चूक नाही. जुन्या मित्राशी रविवारी फोनवर बोलू द्या.

ज्या घरातलं माणूस गेलं

दुसऱ्या लाटेत एप्रिल-मे २०२१ ला जळगाव, धुळे, नंदुरबार या आपल्या तिन्ही जिल्ह्यांत किती घरं उघडी पडली ते आपण बघितलं. त्या घरातलं लेकरू शाळेत येतं तेव्हा आधी भाषा सांभाळा. लहान पोराला "बाबा झोपले", "बाहेरगावी गेले" असं सांगू नका, ते झोपायला घाबरतं नाहीतर वाट बघत बसतं. साधं सांगा, बाबांना आजार झाला, डॉक्टरांनी प्रयत्न केले, त्यांचं शरीर थांबलं, ते वारले, आता परत येणार नाहीत, आपण त्यांची आठवण काढू शकतो. आणि न विचारता एक वाक्य सांगून टाका, "तुझ्यामुळे काही झालेलं नाही." पोरं मनात हिशोब करतात, मी बाहेर खेळायला गेलो, मी हट्ट केला, म्हणून झालं. बोलत नाहीत कोणाला.

रडला तर रडू द्या, पाच मिनिटांनी खेळायला लागला तर खेळू द्या, लहान पोरांचं दुःख असंच येतं-जातं, त्याचा अर्थ विसरला असा नाही. शिक्षकांनी "उद्या वडिलांना घेऊन ये" हे वाक्यच बदलावं, "घरच्या मोठ्यांना घेऊन ये" म्हणावं. माझे बाबा, माझी आई असले निबंध यंदा नको.

मोठ्या पोरांच्या डोक्यात पैशाचा विचार असतो, आता आपली शाळा सुटणार म्हणून. त्यांना योजनांची माहिती द्या, त्याने खरंच जीव हलका होतो. कोरोनात आईवडील दोघे गेलेल्या मुलांसाठी केंद्राच्या पीएम केअर्स निधीतून १० लाखांची तरतूद केली होती, ती वयाच्या २३ व्या वर्षी हातात येते, आणि राज्य सरकारने ५ लाखांची मुदत ठेव दिली होती. एक पालक गेला असेल तरी बाल संगोपन योजनेत अर्ज करता येतो. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या ऑफिसला जायचं, सोबत कोणीतरी जाणतं माणूस घ्या कारण नुकत्याच विधवा झालेल्या बाईला कागदांसाठी चकरा मारायला लावतात, शिक्षकाने सोबत जावं असं माझं मत आहे.

नववी-दहावीची पोरं आणि आश्रमशाळेतली लेकरं

मोठी पोरं रडत नाहीत, चिडतात किंवा खोलीत दार लावून बसतात. बरेच मुलगे दोन वर्षांत कामाला लागले, कापूस, केळीच्या गाड्या, नाहीतर गुजरातेत, हातात पैसा खेळला, त्यांना परत बाकावर बसणं जड जातं. त्यांना "मजुरी करत होतास" म्हणून हिणवू नका, घराला हातभार लावला याचा मान ठेवा आणि शाळेच्या वेळेबाहेर काय करता येईल ते बसून ठरवा. मुलींच्या बाबतीत लग्नाची बोलणी सुरू झालेली असतात, वर्गातली एखादी मुलगी अचानक गप्प झाली, येईनाशी झाली तर चौकशी करा. अठराच्या आत लग्न हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे, ग्रामसेवकाला कळवा, नाहीतर १०९८ ला फोन करा.

२०२२ ला दहावीचा पेपर १५ मार्चपासून, बारावीचा ४ मार्चपासून होता. त्या वर्षी अभ्यासक्रम २५ टक्के कमी केला होता, शाळेतच केंद्र होतं, मोठ्या पेपरला अर्धा तास जास्त दिला होता, अशी काही सवलत असली तर पोरांना समजावून सांगा, कारण बऱ्याच जणांना माहीतच नसतं. दोन वर्ष हाताने लिहिलेलंच नाही म्हणून हात दुखतो, वेग नाही, त्याचीच धास्ती जास्त. रोज आधी अर्धा तास, मग एक तास, असं घड्याळ लावून लिहायला बसवा.

आश्रमशाळेत, वसतिगृहात परत जाणाऱ्या नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा, धुळ्याच्या शिरपूर भागातल्या लेकरांचं दुःख वेगळं, दोन वर्ष आईजवळ झोपलेलं पोरगं एकदम साठ जणांच्या हॉलमध्ये. एकाच गावातली पोरं जवळ जवळ झोपू द्या, फोनचा वार आणि वेळ ठरवून द्या आणि ती पाळा, घरची गोधडी सोबत आणू द्या. सातपुड्यातलं पोरगं होळीला घरी जाणार म्हणजे जाणार, ऊसतोडीला गेलेले आईबाप पण तेव्हाच परत येतात, अडवू नका, फक्त परत यायचा दिवस जाण्याआधी ठरवा आणि आणायला कोण येणार ते पण.

शाळा परत बंद झाली तर

होऊ शकते, लपवू नका पोरांपासून. बंद झाली तरी उठायची वेळ, आंघोळ, दप्तर उघडून तासभर अभ्यास आणि गल्लीतल्या एका तरी मित्राशी भेट, एवढा सांगाडा टिकवा. उघडल्यावर परत त्रास होतो मग, पण कमी.

मदत कधी घ्यायची, कुठे घ्यायची

दोन आठवडे होऊन गेले तरी झोप नाही, जेवण नाही, ज्या खेळावर जीव होता तो पण नको वाटतो, शाळेचं नाव काढलं की थरथर कापतं, स्वतःला इजा करतं, "मी नसतो तर बरं झालं असतं" असं बोलतं, तर थांबू नका. शेवटच्या दोन गोष्टींत तर दोन आठवडे पण नाही, त्याच दिवशी. मोठ्या पोराला सरळ विचारा, मरायचा विचार येतो का. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट कोणीतरी विचारलं याने सुटका वाटते. तोपर्यंत त्याला एकटं सोडू नका, आणि शेतकऱ्याच्या घरात फवारणीचं औषध खळ्यात, पलंगाखाली पडलेलं असतं ते कुलूपबंद करा, किल्ली मोठ्यांकडे. हे तर कोणाला त्रास असो नसो, आजच करा.

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जा, तिथून जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात पाठवतात, जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचाराचे डॉक्टर बसतात. अंगणवाडी-शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला पण सांगता येतं. फोनवर बोलायचं असेल तर मुलांसाठी १०९८, विद्यार्थी-पालक-शिक्षकांसाठी केंद्राची मनोदर्पण हेल्पलाइन ८४४८४४०६३२, आणि मानसिक त्रासासाठी टेली-मानस १४४१६. आजी म्हणेल नजर लागली, भगताकडे नेऊ. नजर काढायची तर काढा, तिचं मन दुखवू नका, पण त्याच दिवशी डॉक्टरकडे पण चला.

जाताना एका वहीत लिहून न्या, त्रास कधी सुरू झाला, आठवड्यातून किती वेळा होतो, कोणत्या वेळी, झोप किती, घरात त्या सुमारास काय घडलं. ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरला पाच-दहा मिनिटंच मिळतात आणि आपण घाबरून निम्मं विसरतो. पोराला आधी सांगा कुठे चाललोय, "सुई टोचायला नाही, बोलायला चाललोय", आणि डॉक्टर त्याच्याशी एकट्याशी बोलतो म्हणाले तर बाहेर जाऊन बसा.